शटरवरचा शब्द

परभणीची माणसं दोन म्हणी सांगतात. छाती फुगवायची असली की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. आणि कुणी नशीब काढायला बाहेरगावी निघालं की ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. जमलं तर जमलं, नाही तर आपलं गाव कुठं पळून जातंय! निघणाऱ्याला धीर यावा म्हणून ही दुसरी म्हण सांगायची असते. शहाण्णव सालच्या आषाढात त्रिवेणी तिच्या मुलीला घेऊन हैदराबादच्या गाडीत बसली, तेव्हा ट्रंक चढवून देणाऱ्या ओळखीच्या हमालानं ती म्हण हसत हसत म्हटली आणि त्रिवेणीनं मान फिरवली. परत परभणीला यावं लागणं, ह्याच एका गोष्टीची तिला भीती होती.

तसं लहान शहर वाईट नसतं. तिथं त्रिवेणीला कधी पत्ता सांगावा लागला नाही. ‘जिनिंगवाल्या सुरेशची बायको’ म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. मानसीच्या वेळी कळा सुरू झाल्या तर अर्धी गल्ली न बोलावता गोळा झाली, आणि शेजारची रंजना बाळंतपणभर हिच्या चुलीशी राबली. पण बाई, न बोलावता येणारी माणसं न विचारता सगळं बघूनही जातात. कापसाचं जिनिंग बंद पडलं, ‘पुण्याकडं काही जमतंय का बघून येतो’ म्हणून सुरेश गेला आणि तिकडं बघतच राहिला. चिंचवडला त्यानं दुसरा संसार थाटलाय, हे गावाला आधी कळलं, त्रिवेणीला मागून.

तेव्हा एसटीडी बूथ नवे नवे निघत होते. त्रिवेणीनं रस्त्याकडच्या खोलीत एक सुरू केला. पिवळा बोर्ड, काचेची खोपटी, लाल आकड्यांचं मीटर. रात्री दर उतरायचे म्हणून गर्दीही रात्रीच व्हायची. कृषी विद्यापीठातली पोरं, मोंढ्यातले व्यापारी, मुलगा अमेरिकेत असलेले मास्तर. काच पातळ होती. कुणाची सोयरीक मोडली, कोण बुडालं, कोण फोनवर लहान पोरासारखं रडलं, सगळं हिच्या कानावर पडायचं. तिनं त्यातलं अवाक्षर कधी बाहेर काढलं नाही. पण हिला माहीत आहे, एवढंच गावाला पुरलं. जिच्यापाशी आपली गुपितं आहेत तिलाच आधी बदनाम करून ठेवलं की आपण सुटलो, हा हिशेब माणसांना शिकवावा लागत नाही. ‘रात्रीबेरात्री दारात पुरुष उभे असतात,’ असं सुरू झालं. श्रावणातल्या हळदीकुंकवाला रंजनाचं बोट तिच्या कपाळापर्यंत आलं, थांबलं आणि पुढच्या बाईकडं गेलं. जिनं बाळंतपण केलं, तिचंच बोट.

आणि एका सकाळी शटरवर डांबरानं तो शब्द लिहिलेला होता. मानसी तेव्हा नुकती वाचायला शिकली होती, दिसेल ते वाचत सुटायची. तिनं हवेत बोट फिरवत अक्षरं लावली. ‘र’वर टिंब रं. ‘ड’ला दीर्घ वेलांटी डी.

“आई, म्हणजे काय?”

त्रिवेणीनं तिच्या तोंडावर हात दाबला. “हा शब्द परत माझ्यापुढं काढायचा नाही. कधीच नाही. शपथ घे.”

रॉकेलनं घासून डांबर निघालं, पण दुपारच्या उन्हात शटरवर त्याची सावली दिसायचीच. कुणी लिहिलं ते कळलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट. दूधवाला, मास्तर, रंजनाचा नवरा, ज्याच्याकडं बघावं तो लिहिणारा वाटायला लागला. त्रिवेणी घरात बसून बाहेरच्या पावलांचे आवाज ओळखू लागली. वर्षभर तिनं हे काढलं आणि मग बूथ विकून टाकला.

हैदराबादला बरकतपुऱ्यात तिच्या आईचे चुलतभाऊ राहायचे, मुकुंदराव. आबिड्सच्या मोठ्या पोस्टातून रिटायर झालेले, जन्म सगळा हैदराबादेत गेलेला. त्यांनी तिला कुकटपल्लीच्या एका कारखान्यात औषधांच्या गोळ्या पॅक करायचं काम पाहून दिलं, आणि तिथंच एका आंध्र बाईच्या घरावरची खोली ठरवली. “कायकू घाबरतीस गं?” मामा म्हणाले. “मोठं शहर आहे हे. इथं शेजारचा मेला तरी आपल्याला पेपरात वाचून कळतंय.” आपण धीर देतोय असं त्यांना वाटत होतं. गंमत म्हणजे त्रिवेणीला धीर आलाही. जिथं कुणी कुणाला ओळखत नाही, तिथं शटरच नाही.

खोलीवर जायच्या दिवशी नेमका मामांचा गुडघा धरला. ट्रंक, वळकटी आणि मानसी, एवढं घेऊन ती एकटीच ऑटोनं गेली. दुमजली घर, बाहेरून जिना. जिन्याच्या पायथ्याशी घरमालकीण उभी होती. साठीची, ठेंगणी, नाकात दोन्हीकडं चमक्या. नाव नागरत्नम्मा. तिनं त्रिवेणीकडं पाहिलं, तोंडभर हसली, हात पुढं केला आणि म्हणाली,

“रंडी, रंडी.”

त्रिवेणीच्या हातातली ट्रंक पायरीवर आपटली.

ऐकण्यात चूक झाली असेल, असं तिनं क्षणभर स्वतःला समजावलं. पण नागरत्नम्मांनी पुन्हा म्हटलं, तेवढ्याच गोड आवाजात. त्रिवेणीला मराठी येत होती, हिंदी येत होती, परभणीतली उर्दू येत होती. तिन्ही भाषांत त्या शब्दाचा अर्थ एकच होता. चौथ्या भाषेत तो काही वेगळा असेल, असं तिच्या मनात यायला जागाच नव्हती. बाई हसत होती म्हणावं, तर रंजना काय कमी हसायची?

तिनं मानसीला ओढत वर नेलं, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. आपल्याआधी इथं बातमी पोचली. कुणी आणली असेल? ज्या गाडीनं आपण आलो तीच गाडी रोज परभणीहून माणसं आणते. त्यातला एखादा बूथवर आलेला असणार. की मामांनीच खोली ठरवताना सगळं सांगितलं? आपण गावाबाहेर पडलो तरी शब्द आपल्या ट्रंकेत बसून आला, असं तिला वाटलं.

मानसीनंही ऐकलं होतं. आईच्या तोंडाकडं बघून ती गुमान वळकटी सोडायला लागली.

पुढचा महिना त्रिवेणीनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. कारखान्यात बरं असायचं. तिथल्या पोरी तिला ‘अक्का, रा’ म्हणून डबा खायला बोलवायच्या, सुपरवायझर दखनीत बोलायचा. तिथं कुणालाच काही माहीत नाही, हे उघड होतं. पण संध्याकाळी गल्लीत वळलं की पाय जड व्हायचे. नागरत्नम्मा ओट्यावर बसलेल्या असायच्या. ती दिसली की शेजारचीला सांगितल्यासारखं काहीतरी बोलायच्या आणि मग हिला तोच शब्द. एकदा समोरच्या घरातल्या तरुण सुनेनंही म्हटला. म्हणजे गल्लीभर झालं. त्रिवेणी मान खाली घालून जिना चढायची आणि वर जाऊन घामानं भिजलेली साडी बदलायची. खाली तो शब्द दुसऱ्या बायकांनाही म्हणत असतील, पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याला म्हटलेलं ऐकू येत नाही.

मानसीला ताप आला तेव्हा तर कहर झाला. पोरगी फणफणलेली, आणि दारावर थाप. बाहेरून नागरत्नम्मांचा आवाज, त्यात मधेच तो शब्द. त्रिवेणीनं मानसीच्या तोंडावर हात ठेवला आणि श्वास रोखून बसून राहिली. परभणीत असती तर ह्या वेळी अर्धी गल्ली घरात असती, आणि आपण मोठ्या शहरात दाराआड चोरासारख्या बसलोय, हे मनात येऊन तिला रडू फुटलं. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर झाकण घातलेलं पातेलं होतं, त्यात मिरी घातलेलं पातळ सार. ऊन ऊन होतं. तिनं ते मोरीत ओतून दिलं. शिवी देणाऱ्या बाईच्या हातचं पोरीला कसं पाजायचं?

सगळ्यात कठीण हे होतं की कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारायचं तर तो शब्द उच्चारायला हवा, आणि तो तर तोंडातून निघत नव्हता. रविवारी ती बरकतपुऱ्याला गेली तेव्हा आडून आडून म्हणाली, “मामा, इकडची माणसं बोलायला कशी असतात?”

मामा खुलले. “अगं, मान फार देतात. आपण ‘जी’ लावतो, तसं हे ‘अंडी’ लावतात. चेप्पंडी म्हणजे सांगा. कूर्चोंडी म्हणजे बसा. तिनंडी म्हणजे खा. मी तर श्रावणातसुद्धा दिवसभर अंडी खातो.” स्वतःच्याच विनोदावर ते हसले. “आणि एक तर असा आहे की आपल्या माणसानं ऐकला तर—”

“अहो,” सुशीलामामी म्हणाल्या. “पोरीसमोर काय बोलायचं ते कळतं का?”

मामा चपापले. दोघांची नजरानजर झाली. “जाऊ दे, नक्को,” म्हणत त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

झालं. त्रिवेणीनं ती नजरानजर पाहिली. म्हणजे ह्यांनाही कळलंय. माझ्यापुढं बोलत नाहीत, एवढंच. मामांची सभ्यता अशी नडली. एक शब्द ते बोलून गेले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

श्रावणातला शुक्रवार आला. कारखान्याला पॉवर हॉलिडे होता, वीज नाही म्हणून काम नाही. मानसी शाळेत गेलेली. सकाळपासून खाली भांड्यांचे आवाज, बायकांची ये-जा. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक नव्हे, तीन-चार जणींची. थाप पडली. ह्या खेपेला नुसतं दडून भागणार नाही, खिडकी उघडी आहे, आपण दिसतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिनं कडी काढली.

दारात नागरत्नम्मा, रेशमी साडीत. हातात तबक. मागं गल्लीतल्या बायका, सगळ्या हिच्याकडं बघताहेत. नागरत्नम्मांनी कुंकवाचं बोट उचललं, हिच्या कपाळाकडं नेलं आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. त्यातला त्रिवेणीला कळला तो एकच शब्द. शेवटचा.

लाल बोट आणि तो शब्द. चारचौघींत, दारात येऊन. रंजनाचं बोट निदान थांबून पुढं तरी गेलं होतं. त्रिवेणीनं दार त्यांच्या तोंडावर लोटलं. मग पावलं हळूहळू उतरून गेली.

तिनं ट्रंक ओढली आणि कपडे भरायला सुरुवात केली. बरकतपुऱ्याला जायचं नाही, तिथं सगळं माहीत आहे. काचीगुडा स्टेशनवरून गाडी धरायची. कुठं? जायला गाव तरी कुठलं होतं? ‘नहीं तो परभणी’. हमालाचा तो हसरा चेहरा तिला दिसला आणि हातातली साडी घेऊन ती जमिनीवरच बसली. परत त्या शटरच्या घरात, त्या पावलांच्या आवाजात. पण तिथं निदान शिव्या देणारे चेहरे ओळखीचे होते.

मानसी शाळेतून आली. उघडी ट्रंक बघून दप्तर काढायचंच विसरली. “आई, आपण जायचंय?”

उत्तर द्यायच्या आत पुन्हा थाप पडली. त्रिवेणी उठेपर्यंत मानसीनं दार उघडलंही होतं. नागरत्नम्मा एकट्याच आल्या होत्या. बाईची अडचण असेल, शिवायचं नसेल, म्हणून दुपारी दार लावलं असेल, असा त्यांनी आपल्या परीनं चांगला अर्थ लावला होता, आणि पोरीसाठी वाटीत भिजवलेले हरभरे आणले होते. हे सगळं पुढं कळलं. त्या क्षणी त्रिवेणीनं ऐकलं ते एवढंच, की तिची स्वतःची मुलगी, दारात उभी राहून, हसून म्हणतेय,

“रंडी अम्मम्मा, रंडी.”

त्रिवेणीचा हात उठला तो मानसीच्या गालावर पडला. पोरगी भेलकांडली. वाटी पडली, हरभरे जिन्यावरून खाली घरंगळत गेले.

नागरत्नम्मांनी मानसीला पोटाशी घेतलं. त्रिवेणीकडं पाहिलं ते असं, की भाषा कळायची गरज नव्हती. पोरीनं मला घरात बोलावलं म्हणून हिनं तिला मारलं! मानसीला उंबऱ्याच्या आत उभी करून त्या पाठ फिरवून खाली गेल्या.

“मी फक्त ‘या’ म्हटलं,” मानसी हुंदके देत म्हणाली. “‘या’ म्हटलं नुसतं.”

“काय म्हटलंस?”

“तेलुगूत ‘या’ला तसंच म्हणतात. मोठ्या माणसाला, परक्या माणसाला मानानं बोलवायचं तर तसं म्हणतात. आपल्या माणसाला नुसतं ‘रा’. मलाही पहिल्या दिवशी भीती वाटली होती. मग मी शाळेत टीचरना विचारलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तूच शपथ घातली होतीस. तुझ्यापुढं तो शब्द काढायचा नाही म्हणून.”

त्रिवेणीनं पोरीचा गाल हातात धरला. चारी बोटं उमटली होती. ती रडली ती आधी त्या गालासाठी, आणि मग बाकी सगळ्यासाठी. महिनाभर ही म्हातारी ओट्यावरून आपल्याला ‘या, या’ म्हणत होती. ताप आला तेव्हा दाराबाहेर ‘खाली या’ म्हणत होती. समोरची सून ‘या’ म्हणत होती. आणि आपण त्यांचं सार मोरीत ओतलं. परभणीतल्या डांबरवाल्यानं शटर रंगवलं नव्हतं, आपले कान रंगवून ठेवले होते.

पुढचे दिवस खालून कुणी काही म्हटलं नाही. ओट्यावरच्या बायका ती आली की गप्प व्हायच्या. ज्या शब्दाला ती महिनाभर भ्यायली, तो आता ऐकू येत नव्हता, आणि ते जास्त भीतीचं होतं. मोठ्या शहरात माणसाला एकटं टाकायला डांबरसुद्धा लागत नाही.

पुढच्या शुक्रवारी तिनं रजा घेतली. फुटाणे आणले, दूध आटवलं, परभणीला असती तर श्रावणातल्या हळदीकुंकवाला केलं असतं तसं. मानसीला घेऊन ती जिना उतरली.

“मी म्हणू का?” मानसीनं विचारलं.

“नको. मलाच म्हणायला पाहिजे.”

नागरत्नम्मांनी दार उघडलं. हसल्या नाहीत. दारात तशाच उभ्या राहिल्या, एक हात चौकटीवर. ओट्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. मानसीनं पढवलेले पहिले शब्द तिनं कसेबसे म्हटले, आमच्या घरी. पुढचा शब्द अडला. डोळ्यांपुढं शटर उभं राहिलं, त्यावरचं टिंब, ती दीर्घ वेलांटी. आजवर हा शब्द लोकांनी तिला म्हटला होता. तिनं आयुष्यात कुणाला म्हटला नव्हता. नागरत्नम्मा वाट बघत होत्या. त्रिवेणीनं डोळे मिटले.

“रंडी,” ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाली. “रंडी, अम्मा.”

नागरत्नम्मांचा चौकटीवरचा हात खाली आला, त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “रा.”

एवढंच. मानसीनं आईचा पदर ओढला. “नुसतं ‘रा’ म्हणाल्या,” ती कुजबुजली.

आत चटई होती. आधी इथलं हळदीकुंकू, मग वर त्रिवेणीकडचं, असं खुणेनं ठरलं. नागरत्नम्मांनी कुंकवाची कुयरी घेतली, बोट बुडवलं, आणि उचलताना त्रिवेणीच्या मंगळसूत्राकडं बघून काहीतरी विचारलं. मानसीचा चेहरा उतरला.

“काय म्हणतात?”

“बाबा कुठं असतात, विचारतायत.”

परक्याला कुणी हे विचारत नाही, आपल्या माणसालाच विचारतात. आता इथंही परभणी सुरू होणार. दुबईला असतात, असं सांगता आलं असतं. एवढ्या मोठ्या शहरात कोण तपासायला जाणार होतं? कुंकवाचं बोट हवेत थांबलेलं होतं.

“खरं ते सांग,” ती मानसीला म्हणाली.

मानसीला तेलुगू ते किती येणार. पोरं खेळता खेळता डाव सोडून घरी निघून गेली की बाकीची जे ओरडतात, तेच तिनं सांगितलं. “वेळ्ळिपोयाडु.” निघून गेला.

नागरत्नम्मांनी मानसीकडं पाहिलं, मग त्रिवेणीकडं. त्रिवेणी त्या बोटाकडं बघत होती. ते आता कुठं जातं, एवढंच तिला दिसत होतं. नागरत्नम्मांनी दुसऱ्या हातानं तिची हनुवटी धरली, डोकं सरळ केलं आणि कुंकू लावलं. जरा मोठंच लावलं. मग हरभऱ्यांची वाटी तिच्यापुढं सरकवली.